बिननावाचं बटन

"कोण?"

उंबऱ्याशी पावलं येऊन थांबली होती. काठी दगडावर टेकली होती. पण नाव काही येईना.

"कोण आहे म्हटलं?"

"...बटन."

अप्पांच्या बोटातली जपमाळ थांबली.

"कसलं बटन?"

"ते सांगत नाही, अप्पा. नुसतं बटन म्हणतं," उंबऱ्यावरचाच आवाज म्हणाला.

"मग बाहेरच राहू दे. ज्याला नाव नाही त्याला इथं जागा नाही."

बाहेर वारा तेवढा वाजत राहिला. मग खालच्या आवाजात उत्तर आलं,

"रेवण."

"हं. आता ये."

माळावरच्या त्या मठाची रीतच तशी. शांतवीर अप्पा जन्मापासून आंधळे. गुराखी येवो की आमदार, उंबऱ्यावर उभं राहायचं, आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, मग आत पाय टाकायचा. न सांगता जो शिरला तो अप्पांच्या लेखी आलाच नाही. एकदा एक मोठे साहेब तसेच येऊन समोर बसले. तासभर बसले बिचारे. अप्पा आपले त्यांच्यासमोर वचनं गुणगुणत राहिले, मांडी खाजवत राहिले, आणि शेवटी जांभई देऊन आडवे झाले.

ती रीत रेवणला माहीत नव्हती असं नाही. त्याची हाडं या मठातच वाढली होती. पाच वर्षांचा असताना आईनं त्याला इथं आणून सोडला. त्यालाही दिसत नव्हतं. चालायचं कसं, भिंतीला हात न लावता दार कसं ओळखायचं, पाणी किती भरलं ते तांब्याच्या आवाजावरून कसं जाणायचं, सगळं अप्पांनीच शिकवलं. पोरगा हुशार. एवढा हुशार की एकदा ऐकलं ते दुसऱ्यांदा सांगायची सोय नाही. पुढं शहरात गेला, संगणक शिकला, आणि तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर खुर्ची मिळवली. मठातले म्हणायचे, रेवणनं नाव काढलं.

आज तोच आपलं नाव सांगायला तयार नव्हता.

"शरणार्थ, अप्पा."

"शरणार्थ. बस. आवाज का असा? उपाशी आहेस का?"

"नाही."

"मग काय झालं?"

"तुम्हाला संगणकातलं काय कळणार, अप्पा?"

"काही नाही कळणार. तू सांग तर."

रेवणनं काठीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"पडद्यावर जे असतं ते एक बाई माझ्या कानात वाचून दाखवते. खरी बाई नव्हे, प्रोग्राम आहे. स्क्रीन रीडर म्हणतात. मी एकेक कळ दाबत पुढं जायचं, ती सांगत जाते, इथं हे आहे, इथं ते आहे."

"गुणाची आहे की."

"गुणाची आहे. पण तिला जे लिहून दिलं तेवढंच ती वाचणार. सॉफ्टवेअर करणाऱ्यानं प्रत्येक बटनाला आतून नाव द्यायचं असतं. डोळसाला तिथं चित्र दिसतं. बरोबरची खूण, नाहीतर फुली. त्याचं काम भागतं. म्हणून करणारा नाव द्यायचंच विसरतो. मग बाई काय म्हणणार? बटन. पुढचं काय? बटन. त्याच्या पुढचं? बटन."

"म्हणजे उंबऱ्यावर सगळे उभे आणि एकही नाव सांगेना."

"तसंच."

"पंचाईत आहे."

"पंचाईत काय घेऊन बसलात! एकदा त्या यंत्रानं मलाच विचारलं, तू माणूस आहेस का? सिद्ध कर. या चित्रांत सायकल कुठं कुठं आहे ते दाखव."

"मग रे?"

"मग काय. त्या दिवशी मी माणूस नव्हतो."

अप्पा खो खो हसले. रेवणही हसला. पण त्याचं हसू ओठावरच वाळून गेलं.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, पुढच्या वेळी करू. पुढच्या वेळी आलं ते असं, की तारखेची चौकट माऊसशिवाय उघडेना. मी माऊस कुठं फिरवू? पुन्हा सांगितलं. तर तिकडून फोनवर एक पोरगी विचारते, सर, तुमच्यासारखे किती जण आहेत?"

"तू काय म्हणालास?"

"काही नाही. फोन ठेवला... आणि पाठ केलं सगळं."

"काय पाठ केलं?"

इथं मात्र रेवणच्या आवाजाला जरा बळ आलं. एवढ्या दुःखातही आलं.

"बटनांच्या जागा. पहिलं कशाचं, दुसरं कशाचं, तिसरं कशाचं. शेजारच्या लिपिकाला एकदाच वाचायला लावलं. त्यानंतर कुणाला विचारलं नाही, अप्पा. कुणालाही नाही. डोळस माणूस चित्र शोधेपर्यंत माझं काम झालेलं असायचं."

आणि ते खरंच होतं. दवाखान्यात कुणी मोठे पाहुणे आले की डॉक्टरीणबाई त्यांना मुद्दाम रेवणच्या खिडकीपाशी घेऊन यायच्या. पाहुणे त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, काही अडचण येते का? रेवण ताठ बसायचा आणि म्हणायचा, काही नाही साहेब, जमतं. टाळ्या वाजायच्या. त्या टाळ्यांची त्याला सवय झाली. जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यांत आणखी तिघं अंध पोरं अशीच खुर्चीवर होती. त्यांच्याकडूनही त्यानं बटनांचा क्रम पाठ करून घेतला. तक्रार कसली करता रे रडतराऊत, म्हणाला, डोकं दिलंय ना देवानं?

"मग?" अप्पांनी विचारलं.

"मग एका सकाळी त्यांनी आतून काहीतरी बदललं. मला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. बाई पहिल्यासारखीच बोलत होती. बटन, बटन, बटन. एक कमी नाही, एक जास्त नाही. मला काय कळणार? मी नेहमीसारखं तिसरं दाबलं. तिसरं म्हणजे तारीख पक्की. बाई म्हणाली, नोंद बदलली. पक्की केली तरी ती हेच म्हणते."

"आणि तिसरं काय होतं?"

"...फुली."

अप्पांनी जपमाळेचा एक मणी पुढं ओढला.

"एक म्हातारी होती, अप्पा. डोळ्यात काचबिंदू. एक डोळा आधीच गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, याच आठवड्यात शस्त्रक्रिया, उशीर नको. मी दाबलं आणि म्हणालो, आजी, तुमची तारीख पक्की. तुम्ही कशाला दगदग करता? आपली गाडी येईल वाडीवर. तुम्ही फक्त रस्त्यावर येऊन थांबा."

त्यानं काठी पुन्हा उलगडली.

"ती थांबली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या, लोक म्हणत होते जीप करून जा. ती म्हणे, दवाखान्यातल्या पोरानं सांगितलंय, गाडी येईल... नोंदच नव्हती, तर गाडी कशी जाणार? शेवटी नेली तेव्हा उरलेला डोळाही गेला होता."

"तिचं नाव काय?"

"सोजरबाई."

जपमाळेचे मणी एकमेकांवर घासत होते, ते एकदम थांबले. रेवणला वाटलं, अप्पांना वाईट वाटलं असेल.

"उद्या चौकशी आहे," तो म्हणाला. "मला विचारणार, काय झालं. खरं सांगितलं, बटनाला नाव नाही, मी पाठ करून दाबत होतो, तर म्हणतील, म्हणजे हे सगळे आंधळे अंदाजानं दाबतात? काढा चौघांनाही. त्यातला एक महिन्यापूर्वीच लग्न करून बसलाय. आणि नाही सांगितलं, माझाच हात चुकला म्हटलं, तर माझी एकट्याची खुर्ची जाईल. पोरं राहतील. पण ते बटनही तसंच राहील. उद्या त्या पोरांच्या हातून आणखी कुणाचा डोळा जाईल... मी काय करू, अप्पा? तुम्ही सांगाल ते करतो."

अप्पांनी जपमाळ गुंडाळून मांडीवर ठेवली.

"सांगा ना."

"चहा कर," अप्पा म्हणाले.

"काय?"

"चहा. दुपार उलटली. घसा कोरडा पडलाय."

रेवणच्या अंगाची लाही झाली. मी इथं जिवाचं सांगतोय आणि म्हाताऱ्याला चहा सुचतोय! पण गुरूचं ऐकायची सवय लहानपणापासूनची. उठला. स्वयंपाकघरात जायला त्याला काठी लागत नव्हती. बारा पावलं काय आणि तेरा काय, पायच त्याला घेऊन गेले. चुलीची जागा तीच. पातेलं खुंटीला तिथंच. फळीवर डबे ओळीनं मांडलेले, तेही तसेच. पत्तीचा पहिला, साखरेचा त्याच्या शेजारी. आत चमचा ठेवलेलाच असायचा. बोटाला विचारायची गरज त्याला या घरात कधी पडली नव्हती.

कोरा चहा उकळला. दारातला गवती चहा तोडून टाकला. दोन पेल्यांत ओतला आणि न सांडता घेऊन आला.

अप्पांनी पेला दोन्ही हातांत धरला. फुंकर मारली. एक घोट घेतला. मग दुसरा. सावकाश, चवीनं, तळाशी जाईपर्यंत प्यायले. पेला खाली ठेवून ओठ पुसले.

"छान झालाय," म्हणाले.

रेवणनं आपला पेला तोंडाला लावला आणि घोट तसाच अंगणात थुंकला.

"अप्पा! मीठ आहे यात!"

"आहे."

"आणि तुम्ही प्यालात?"

"रोज पितो. महिना होत आला."

"साखरेच्या जागी मिठाचा डबा कुणी ठेवला?"

"एक बाई आलीय मठात. कामाची हौस फार. मला बसू देत नाही. पण नवी आहे अजून. डबे उचलते, पुसते, आणि हाताला येईल तिथं ठेवते."

"मग तिला सांगायचं नाही का? डब्याला खूण असते, दोरी असते..." रेवण बोलता बोलता अडखळला. "दोऱ्या कुठायत, अप्पा? मिठाच्या डब्याच्या गळ्याला काथ्याची दोरी होती. साखरेला सुताची. मी लहान असताना होत्या."

"होत्या."

"मग कुणी काढल्या?"

विचारता विचारताच रेवणला कात्रीचा आवाज आठवला. दहा वर्षांचा असेल. सगळ्या डब्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या त्यानं एका बैठकीत कापल्या होत्या, मूठभर दोऱ्यांचा गुंता अप्पांच्या मांडीवर टाकला होता, आणि छाती काढून म्हणाला होता, मला नाही लागत असल्या खुणा. मला सगळं पाठ आहे. तेव्हा अप्पा नुसतं, बरं, म्हणाले होते.

तोंडातला खारटपणा जाता जाईना.

"मी लहान होतो," तो पुटपुटला. "तुम्ही तरी परत बांधायच्या."

"मलाही पाठ होतं की."

"आणि ती बाई रोज मीठ घालते, तर तिला तरी सांगायचं! का नाही सांगितलं?"

"ती स्वतः चहा पीत नाही. विचारते, कसा झालाय. मी म्हणतो, छान. तिला बरं वाटतं... मलाही बरं वाटतं. काही अडचण नाही. जमतं."

हे शब्द कुणाचे, ते रेवणनं ओळखलं. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. कुणीतरी भिंतीला हात घासत येत होतं. पाऊल टाकायचं, थांबायचं, भिंत चाचपायची, पुन्हा पाऊल. नव्यानं आंधळं झालेल्या माणसाचं चालणं. ते ऐकलं की रेवणला नेहमी वाटायचं, उठून हात द्यावा. तो उठलाही.

"अप्पा, चहा केलाव का वं? वास आला मागं. मला हाक मारायची की, मी केला असता."

रेवण जिथल्या तिथं थिजला.

माणसाचा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. पण एकदा ऐकलेला आवाज तो विसरत नसे. हाच आवाज खिडकीच्या जाळीतून आला होता. देव तुझं भलं करो लेकरा, म्हणाला होता.

त्याच्या हातातला पेला कलला. चहा मनगटावरून ओघळला, भाजलं, पण त्यानं हूं की चूं केलं नाही.

"या, सोजरबाई," अप्पा म्हणाले. "बसा. डावीकडं खांब आहे, सांभाळा."

ती बसली. बांगड्या वाजल्या. बसता बसता कण्हली, आणि मग आपली बोलतच सुटली, जशी एकटी पडलेली माणसं सुटतात.

"सुनंनं फोन केला होता अप्पा, शेजारच्या पोराच्या मोबाईलवर. म्हनली, दवाखान्यावाल्यांवर केस करा. मी म्हनलं, कुनावर करू? तिथला एक पोरगा तेवढा मायाळू होता. तो बी आपल्यासारखाच, बिचाऱ्याला दिसत नव्हतं. आजी आजी करून बोलला. गाडी येईल म्हनला. येत असंलच ती गाडी, वाटंत पंक्चर झाली असंल, नाहीतर आणखी काय. त्या पोराला बोल लागू नये, एवढंच वाटतंय मला. त्यानं तर मनापासून सांगितलं हुतं."

अंगणातल्या लिंबावर चिमण्या भांडत होत्या.

रेवणनं तोंड उघडलं. आवाज गळ्यापर्यंत आला. एक शब्द जरी बोलला असता तरी तिनं ओळखलं असतं. आवाजावर जगायला ती आताच शिकत होती, आणि शिकताना कान फार तीक्ष्ण होतो. तिनं ओळखलं, तर काय म्हणेल? शिव्या देईल? त्या त्यानं सोसल्या असत्या. पण ती शिव्या देणार नाही. ती पुढं हात करील, त्याचं तोंड चाचपील, आणि म्हणेल, तू हायेस व्हय लेकरा.

ते त्याला सोसणार नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. ओठांवर मीठ होतं.

सोजरबाईनं मान वळवली असावी, कारण तिचा आवाज आता थेट त्याच्या अंगावर आला.

"हितं कुनीतरी हाय, अप्पा. श्वास ऐकू येतुया मला. पावनं आलेत का?"

रेवणनं श्वास रोखला.

"पावनं, बोला की. लाजताव कशाला? मला नाही दिसत. नाव तरी सांगा."

रेवणनं अप्पांकडं तोंड केलं. लहानपणी चुकलं की तो असंच करायचा, आणि अप्पा त्याच्या वतीनं काहीतरी बोलून त्याला सोडवायचे. आताही त्याला वाटलं, अप्पा सांगतील. रेवण आहे म्हणतील, नाहीतर कुणी नाही म्हणतील. काहीही म्हणोत, पण सुटका होईल.

अप्पांनी रिकामा पेला उचलला, पालथा केला, आणि शेवटचा थेंब जमिनीवर पडेपर्यंत वाट पाहिली.

"कोन हाय वं, अप्पा?" सोजरबाईनं पुन्हा विचारलं.

अप्पांनी पेला खाली ठेवला. "...बटन आहे, बाई."